‘आपण जिंकलो’ म्हणताना

2025 साल सरत असताना आमच्या वऱ्हाडातल्या कारंजात दोन रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास फटाके वाजले. पहिला रविवार 28 सप्टेंबरचा, नवरात्रातला. दुबईत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला पाच गडी राखून हरवलं. दुसरा त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, 2 नोव्हेंबरचा, कार्तिकी एकादशीचा. नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेचा 52 धावांनी पराभव करून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा देशात आणला. दोन्ही रात्री मी जागा होतो. दोन्ही रात्री घरासमोरून मोटारसायकलींवर पोरं एकच आरोळी ठोकत गेली, “जितलो बे, आपून जितलो!”

वऱ्हाडीत ‘आपण’चं ‘आपून’ होतं आणि ‘जिंकलो’चं ‘जितलो’. अर्थ तोच. मी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली आणि संध्याकाळी पोरापोरींना कबड्डी खेळवली, त्यामुळे असेल, मला त्या आरोळीतलं सर्वनाम ऐकू येतं. हिंदीत ‘हम’ या एका शब्दावर सगळं भागतं. मराठीने मात्र दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. “आम्ही जेवतो” असं म्हटलं तर दारातल्या पाहुण्याने काय ते समजावं. “आपण जेवू” म्हटलं की त्याचंही पान मांडलं जातं.

आंतरराष्ट्रीय खेळांतला राष्ट्राभिमान चांगला की घातक, हा वाद जुना आहे. माझ्या मते तो याच दोन शब्दांपाशी येऊन थांबतो. जिंकल्यावर आपण तोंडाने ‘आपण’ म्हणतो. मनात काय असतं, ‘आपण’ की ‘आम्ही’? अभिमानाची खरी परीक्षा तिथे आहे.

पहिल्या रविवारची एक गोष्ट सांगतो. माझ्या घरापासून चार घरं सोडून एक वयस्क गृहस्थ राहतात. उभं आयुष्य जिनिंगमध्ये गेलं. रुईची चिमूट दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ओढायची आणि धाग्याची लांबी किती ते नुसत्या नजरेने सांगायचं, अशी त्यांची हातोटी. पाच वेळचे नमाजी. भारत-पाकिस्तान सामना असला आणि भारत जिंकला की आमच्या गल्लीतला पहिला फटाका त्यांच्या अंगणात वाजतो. किती वर्षं मला ती त्यांची हौस वाटत आली. त्या रात्री न राहवून विचारलं, “चाचा, या वयात एवढी हौस?” ते खाली वाकून लड पेटवत होते. वर न बघता म्हणाले, “हौस कायची गुरुजी? उशीर झाला तं लोकं मोजतेत न जी.”

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या रविवारी, पोरींनी विश्वचषक जिंकला त्या रात्री, त्यांच्या अंगणात अंधार होता. सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन भेटले. “पोरींनी कमाल केली म्हणे,” म्हणाले, “मी तं नऊलेच झोपलो.” हसत पुढे गेले. त्या एका झोपेने मला पुष्कळ शिकवलं. ज्या विजयाच्या रात्री आपल्या शेजाऱ्याला निवांत झोपता येतं, तो विजय ‘आपला’. ज्या रात्री त्याला जागं राहून स्वतःचं देशप्रेम सगळ्यांच्या आधी पेटवून दाखवावं लागतं, त्या रात्रीची आरोळी कितीही मोठी असली तरी ती ‘आम्ही’चीच.

मैदानावरच्या ‘आपण’मध्ये कोण आणि कोण नाही, हे आपल्याकडे एकेकाळी उघड उघड ठरवलं जाई. मुंबईत 1907 पासून हिंदू, पारशी आणि युरोपियन असे धर्म-वंशावर बेतलेले संघ तिरंगी सामने खेळत. 1912 साली त्यात मुसलमानांचा संघ आला, 1937 साली ‘दि रेस्ट’ म्हणजे ‘उरलेले’ नावाचा पाचवा संघ आला. मैदानं ओसंडून वाहत. हिंदू संघाचा डावखुरा गोलंदाज पळवणकर बाळू. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण तो चर्मकार समाजातला, म्हणून हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ‘आम्ही’ची हीच रीत. एकदा दाराला कडी घातली की घरातही खोल्या पडतात.

1943 च्या डिसेंबरात पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू विरुद्ध उरलेले असा झाला. उरलेल्यांकडून खेळत होते विजय हजारे, सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती. त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात 387 धावा केल्या, त्यातल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. सामना हिंदूंनी जिंकला. आता आठ वर्षं पुढे या. 1952 चा फेब्रुवारी, मद्रासचं चेपॉक मैदान. भारताने इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवलं. कसोटी क्रिकेटमधला आपला तो पहिला विजय, आणि त्या संघाचे कर्णधार होते हेच विजय हजारे. जो माणूस कालपर्यंत ‘उरलेला’ होता, त्याच्या हाताने देशाला पहिलं यश मिळालं. मधल्या काळात हजारे बदलले नव्हते. आपलं ‘आपण’ रुंदावलं होतं. धर्मावर बेतलेल्या या सामन्यांना गांधीजींनी 1940 साली जाहीर विरोध केला आणि 1946 नंतर ती स्पर्धा बंद पडली. क्रिकेट तेवढ्याने मेलं नाही, उलट फोफावलं.

यावर कुणी म्हणेल, मग देशाच्या नावाने खेळणंच कशाला? जॉर्ज ऑर्वेलचं जवळजवळ तेच म्हणणं होतं. 1945 साली मॉस्कोचा डायनॅमो फुटबॉल संघ ब्रिटनमध्ये खेळून गेला, त्यावर त्याने लेख लिहिला. अशा सामन्यांनी देशादेशांत स्नेह वाढतो ही समजूत त्याने फेटाळून लावली. यातून वैरच वाढतं, असं त्याने बजावलं. त्याचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. पण ते सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्या देशातल्या माणसाचं म्हणणं होतं. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला मैदान काय देतं, ते ऑर्वेलच्या हिशेबात पुरेसं धरलेलं नाही.

बर्लिन ऑलिंपिकचं 1936 साल बघा. हिटलरने वंशश्रेष्ठत्वाचं प्रदर्शन मांडलं होतं. तिथे मॅरेथॉन जिंकली सोन की-चोंग या कोरियन तरुणाने. कोरिया जपानच्या ताब्यात होता, म्हणून त्याच्या छातीवर जपानचं चिन्ह होतं आणि नावही जपानी वळणाने लिहिलेलं. सोलच्या ‘दोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्राने त्याचं छायाचित्र छापताना छातीवरचं ते चिन्ह पुसून टाकलं. जपानी सरकारने वृत्तपत्र बंद पाडलं. त्याच ऑलिंपिकमध्ये 15 ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असं हरवलं. भारताला स्वतःचा झेंडा नव्हता. मैदानात उतरण्याआधी खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केलं. 1956 साली मेलबर्नला सोव्हिएत रशियाविरुद्ध वॉटरपोलो खेळणाऱ्या हंगेरियन पोरांचंही तेच. बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरून महिनाच झाला होता. हंगेरीने सामना 4-0 असा जिंकला. या तिन्ही प्रसंगी अभिमान होता, चुरस होती, रागही होता. तो अभिमान मी कधीच कमी लेखणार नाही. वाकवलेल्या माणसाला ताठ उभं राहण्यासाठी तेव्हा तेवढीच हातभर जागा मोकळी होती.

त्याच बर्लिनला आपल्या वऱ्हाडातूनही माणसं गेली होती. कारंजाहून अमरावती दीड-दोन तासांवर. वैद्य बंधूंनी 1914 साली तिथे सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 मध्ये बर्लिनला गेला आणि त्याने कबड्डी, मल्लखांब असे आपले देशी खेळ तिथल्या प्रेक्षकांना करून दाखवले. आज जिला सगळे शकुंतला म्हणतात, त्या अरुंद रुळांच्या गाडीने आमच्या कारंजाचा कापूस तेव्हा मूर्तिजापूरला आणि तिथून पुढे मुंबईला जाई. वऱ्हाडची जगाला ओळख होती ती कच्च्या मालाचा मुलूख म्हणून. त्या मुलखातले तरुण जगापुढे जाऊन म्हणाले, आमच्याकडे हेही आहे. त्यांना तिथे पदक मिळायचं नव्हतं, कुणाला हरवायचंही नव्हतं. आपल्याजवळचं चांगलं जगापुढे ठेवायचं, एवढाच हेतू. समोर शत्रू नसतानाही अभिमान उभा राहू शकतो, हे नव्वद वर्षांपूर्वी अमरावतीच्या पोरांनी दाखवून दिलं आहे.

कबड्डीची ही गोष्ट पुढे कुठवर गेली ते पाहण्यासारखं आहे. बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी हा मातीतला खेळ आशियाभर नेण्यासाठी आयुष्य वेचलं. 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली. तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताने घेतली, 2010 पासून महिलांची दोन्ही. मग आलं 2018. जाकार्तात पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 असा हरला. दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना होता. तोही इराणने 27-24 असा जिंकला. इराणच्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

दीड वर्ष त्या इराणमध्ये राहिल्या, फारसी शिकल्या, मुलींकडून योगासनं आणि प्राणायाम करून घेतले, आणि आपल्याच देशाच्या संघाला हरवणारा संघ घडवला. त्या संध्याकाळी आमच्या ओळखीच्या चार माणसांत मी ऐकलं, “या बाईला देशाचं काहीच कसं वाटलं नाही?” मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आज राग येतो. जो खेळ जगाने खेळावा म्हणून दोन पिढ्या झिजल्या, तो जग खरोखर खेळायला लागलं तर आपण रडायचं? ज्या दिवशी इराण जिंकला, त्या दिवशी कबड्डी खऱ्या अर्थाने आशियाची झाली, आणि ती करण्यात एका मराठी बाईचा हात होता. बुवा साळवींचं स्वप्न याहून वेगळं काय होतं? शिवाय त्या पराभवाने आपलंही भलंच झालं. 2023 साली हांगचौच्या आशियाई खेळांत महिलांनी तैवानला 26-25 असं एका गुणाने हरवलं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक होतं. पुरुषांनी अंतिम सामन्यात इराणला 33-29 असं हरवलं, तेही वादात सामना तासभर अडकून पडल्यावर. घरबसल्या हाती येणाऱ्या पदकापेक्षा त्या दोन सुवर्णांचं वजन जास्त आहे.

कारंजाच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. नृसिंह सरस्वती महाराज जन्मले आपल्या गावात. पुढे ते नरसोबाच्या वाडीला राहिले आणि कर्नाटकात गाणगापूरला स्थिरावले. आज कारंजाच्या गुरुमंदिरात पहाटे उभं राहिलं तर कानावर कानडी पडते, तेलुगू पडते. गाणगापूरकरांनी महाराजांना आपलं म्हटलं म्हणून कारंजाचे महाराज उणे झाले नाहीत. दुसऱ्याने वाटून घेतल्याने जे वाढतं, अशा गोष्टींत श्रद्धा येते, भाषा येते आणि खेळही येतो.

आता प्रतिस्पर्ध्याकडे वळतो. मराठीत ‘आपण’चा आणखी एक उपयोग आहे. अनोळखी, आदरणीय माणसाला आपण विचारतो, “आपण कुठून आलात?” म्हणजे ज्या शब्दात आपली माणसं येतात, त्याच शब्दाने आपण समोरच्या परक्याचाही मान राखतो. खेळात प्रतिस्पर्ध्याचं स्थान नेमकं हेच असतं. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस धावला. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाकडे गेलेली. अविनाशने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं अवघ्या पाच शतांश सेकंदाने. तोवरचा त्याचा तो सर्वोत्तम वेळ होता. पुढे पळणारे केनियन नसते तर तो वेळ त्याच्या पायांतून निघाला असता का? माझी खात्री आहे, नसता निघाला. आपल्यातलं उत्तम बाहेर काढणाऱ्या माणसाला शत्रू म्हणता येत नाही.

आपल्या तालमींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. गावच्या दंगलीत दोन पैलवान हौद्यात उतरतात, चिमूटभर माती एकमेकांच्या अंगाला लावतात, हाताला हात लागतो आणि सलामी झडते. मग चीतपट होईपर्यंत दयामाया नाही. पण सलामीवाचून कुस्ती सुरू होत नाही. वैरी असेल तरी.

म्हणून 2025 च्या आशिया चषकात आपल्या संघाने पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन टाळलं आणि शेवटी चषकही त्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडून घेतला नाही, तेव्हा मी अस्वस्थ झालो. त्यामागचं दुःख मला कळतं. त्याच वर्षी 22 एप्रिलला पहलगामला दहशतवादी हल्ल्यात 26 माणसं मारली गेली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. त्यांच्या घरच्यांपैकी कुणी “हा सामनाच खेळू नका” म्हटलं, तर त्यांच्यापुढे मी मान झुकवतो. न खेळणं ही सरळ भूमिका आहे आणि तिची किंमत मोजावी लागते. पण खेळायचं, सामन्याचा पैसा घ्यायचा, विजय साजरा करायचा आणि तेवढी सलामी नाकारायची, यात ना दुःखाचा मान राहतो ना खेळाचा. हौद्यात उतरायचं नसेल तर उतरू नये. उतरलो तर हात द्यावा. माझं मत इतकं साधं आहे आणि ते मी आखाड्याच्या मातीतून घेतलं आहे.

आपल्या देशाने याहून मोठं मन दाखवलेलं आहे. 1991 साली पाकिस्तानशी सामना नको म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली, हे महाराष्ट्राला आठवतं. 1999 च्या जानेवारीतलं चेन्नई मात्र आपण फारसं आठवत नाही. पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात 271 धावा हव्या होत्या. पाठीच्या वेदना सोसत सचिनने 136 केल्या, आणि तो बाद झाल्यावर भारत 12 धावांनी हरला. क्षणभर मैदान सुन्न झालं. मग प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानी संघाला टाळ्यांची मानवंदना दिली. पाहुण्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. त्या दिवशी धावफलकावर भारत हरला असेल. तरी भारतीय म्हणून मला ज्या दिवसांचा सर्वाधिक अभिमान वाटतो, त्यांत तो दिवस आहे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे. कारंजा ही व्यापाऱ्यांची पेठ. इथल्या लहान मुलालाही कळतं की नफ्यात वाटा मागायचा तर धंद्यात भांडवल घालावं लागतं. “आपण जिंकलो” हे वाक्य म्हणजे वाट्याची मागणी आहे. आपलं भांडवल कुठे आहे?

खाशाबा जाधवांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत आपण अभिमानाने सांगतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण जायच्या आधी काय होतं? पैशासाठी वणवण होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून ते कर्ज फेडायला हातभार लावला. हेलसिंकीला त्यांच्या बाजूने बोलायला जबाबदार माणूस हजर नव्हता, म्हणून लागोपाठ दोन कुस्त्या विश्रांतीवाचून खेळाव्या लागल्या. बैलगाड्या जोडणारे ‘आपण’ शंभर होते. घर गहाण टाकणारा एक. त्यानंतर महाराष्ट्रातल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. 2024 साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं. ही 72 वर्षं महाराष्ट्राच्या मनगटात बळ कमी होतं म्हणून गेली, असं मला वाटत नाही.

मी ज्या मैदानावर मुलींना खेळवायचो, तिथलं चित्र सांगतो. मुलींच्या कबड्डीचं मैदान 12 बाय 8 मीटरचं. सकाळी आम्ही सुतळी ताणून फक्की मारायचो. दुपारपर्यंत मैदानातून ये-जा करणाऱ्या गाड्यांनी मध्यरेषा पुसलेली असायची. संध्याकाळी पुन्हा आखायची. एक मुलगी होती, जवळच्या खेड्यातली, बाप कापूस पिकवणारा. चढाईला गेली की तिच्या पायाला विंचवासारखी गती. निदानरेषेपर्यंत जाऊन दोघींना शिवून परत यायची आणि श्वास सोडताना हसायची. तिच्या गावाला जाणारी शेवटची गाडी पाच वाजता निघायची. शाळा सुटायची त्याच सुमारास. ती सरावाला थांबली तर घरी कशी जाणार? विभागीय सामन्यांना संघ न्यायचा होता तेव्हा मी पावती पुस्तक घेऊन बाजारात फिरलो. लोकांनी नाही म्हटलं नाही, दहा-वीस रुपये दिले. प्रवासखर्च जमेना. शेवटी सात मुली नेल्या, राखीव पाच घरी राहिल्या. ती त्या पाचांत होती, कारण सराव कमी पडला होता. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. त्याच वर्षी एका क्रिकेट सामन्याच्या रात्री आमच्या एकाच चौकात जेवढ्याचे फटाके वाजले, तेवढ्यात त्या पाचही जणी जाऊन आल्या असत्या.

फटाके वाजवणाऱ्यांचा मला राग नाही. त्यांतली निम्मी पोरं माझीच विद्यार्थी आहेत आणि त्यांचा आनंद खरा आहे. मला एवढंच म्हणायचं आहे, की विजयाआधीचे ‘आपण’ आणि विजयानंतरचे ‘आपण’ यांची संख्या जवळ यायला हवी. विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांनी प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. तरीही ते मुलींना शिकवत राहिले. नागपूरची दिव्या देशमुख 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा अंतिम फेरीत समोर होती भारताचीच कोनेरू हंपी. हरणारी आपली, जिंकणारीही आपली. द्वेषाला जागाच नव्हती आणि अभिमान मात्र काठोकाठ होता. अभिमानाला शत्रू लागतोच असं नाही. त्याला लागते आधीपासूनची सोबत.

2026 च्या सप्टेंबरात जपानमध्ये ऐची-नागोयाला आशियाई खेळ होतील. कबड्डीची मॅट पुन्हा अंथरली जाईल, आणि इराणही असेल. कारंजाकरांना माझी विनंती आहे. सामना बघा, घसा बसेपर्यंत ओरडा, जिंकलो तर फटाकेही वाजवा. पण टीव्ही लावण्याआधी चार घरं पलीकडच्या दारावर थाप मारून “चला चाचा, आपली मॅच सुरू झाली” असं म्हणा, म्हणजे त्यांना पहिला फटाका पेटवावा लागणार नाही. समोरचा संघ चांगला खेळला तर टाळी द्या. आणि फटाक्यांतले निम्मे पैसे बाजूला काढून गावातल्या कुठल्याही शाळेच्या मुलींच्या संघाला गाडीभाडं म्हणून द्या. त्या खेड्याची शेवटची गाडी अजूनही पाच वाजताच निघते.